कीपॅड फोनवर ‘जी’ दिसतो, पण पान उघडत नाही: काय काय तपासायचं

अमळनेरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. २००७ पासून एक वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो: ‘भाऊ, मना फोनमा नेट चालत नही, देखा बरं जरा.’ पूर्वी हे वाक्य कॉलेजची पोरं म्हणायची. आता ते आबा-आप्पा म्हणतात. बटणाचा जुना फोन त्यांना सोडवत नाही, आणि त्यावर कापसाचा भाव किंवा बातम्या बघायची सवय मोडवत नाही. शेतातल्या मोटारीला मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू करणारा डबा, बसवलेले शेतकरीही येतात, कारण त्या डब्यातही हेच जुनं टू-जी तंत्र असतं.

दहापैकी सात-आठ फोनांत फोनचा काही दोषच नसतो. तरी लोक आधी कुठेतरी ‘सॉफ्टवेअर मारून’ येतात. त्यात दोन-तीनशे रुपये जातात, फोनमध्ये साठवलेले नंबर जातात, आणि नेट मात्र बंदच राहतं. एक म्हातारी माय आली होती. मुलगा सुरतेला कामाला, त्याचा नंबर फक्त फोनमध्ये, कागदावर कुठेच नाही. फ्लॅश, म्हणजे हेच सॉफ्टवेअर, मारताना तो पुसला गेला होता. त्या दिवसापासून मी फुकटातली तपासणी पूर्ण झाल्याशिवाय फोनला केबल लावत नाही. तोच क्रम इथे देतो.

आधी लक्षण नीट बघा

फोन हातात घेतला की मी स्क्रीनचा वरचा कोपरा बघतो. अर्धं निदान तिथेच होतं.

– रेंजच्या कांड्या भरलेल्या, बोलणं होतं, पण ‘जी’ (जीपीआरएस, टू-जीवरचं नेट) किंवा ‘ई’ (एज, त्याच नेटचा वेगवान प्रकार) हे अक्षर येतच नाही.
– अक्षर येतं, पण नुसतं. ब्राउझर उघडला की ‘सबस्क्राइब टू पॅकेट डेटा फर्स्ट’ असा संदेश येतो.
– अक्षराभोवती चौकट येते, पट्टी बराच वेळ सरकते आणि शेवटी ‘नो गेटवे रिप्लाय’ किंवा तशाच अर्थाचं काही येतं.
– एखादं साधं पान उघडतं, पण मोठ्या साइट उघडत नाहीत. संदेशात ‘सिक्युअर’ किंवा ‘सर्टिफिकेट’ हा शब्द असतो.
– पहाटे चालतं, संध्याकाळी अडतं. गच्चीवर चालतं, घरात नाही.
– नेट चालू असताना कॉल आला की नेट थांबतं.

शेवटचं लक्षण बिघाडाचं नाही. हे फोन कॉल आणि डेटा दोन्हीला एकाच वेळी सांभाळू शकत नाहीत. कॉल घेतला की डेटा थांबतो, ठेवला की पुन्हा सुरू होतो. त्यासाठी कोणालाही एक रुपया देऊ नका.

नुसतं अक्षर आणि चौकटीतलं अक्षर यातला फरक समजला की पुढचं सगळं सोपं जातं. कापसाची गाडी बाजार समितीच्या गेटवर आली आणि चौकीदाराने नोंद केली, एवढं झालं म्हणजे नुसता ‘जी’. टॉवरने फोनची हजेरी घेतली. मग गाडी कोणत्या अडत्याकडे जाणार ते सांगावं लागतं. आत जागा मिळाली आणि माल उतरू लागला, तो चौकटीतला ‘जी’. या वेळी कंपनीच्या यंत्रणेने फोनला आयपी पत्ता दिलेला असतो. अडत्याचं नाव म्हणजे एपीएन, कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव. नाव चुकलं तर गाडी गेटवरच उभी. नोकियाच्या बहुतेक मॉडेलांत ही चौकट दिसते. इतर कंपन्यांच्या फोनांत तिच्या जागी बाण किंवा रंग बदललेलं चिन्ह असतं.

बॅटरी काढा, मिनिटभर थांबा

फोन बंद करा, बॅटरी काढा, साठ आकडे मोजा, पुन्हा लावा. त्याने फोन टॉवरकडे नव्याने हजेरी लावतो. एसटीने धुळ्याहून इकडे आलात, वाटेत दहा टॉवर बदलले, की कधीकधी फोन जुन्याच नोंदीला धरून बसतो.

बॅटरी हातात आहेच तर ती सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगलेली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि फोन शर्टाच्या खिशात, मोटारसायकलच्या डिकीत शिजत असतो. फुगलेली बॅटरी परत लावू नका, टोचू नका, दाबून बसवू नका. इथेच थांबायचं आणि नवी बॅटरी घ्यायची.

रिचार्ज कोणता मारला आहे

हल्ली सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला पॅक ठेवणं बंधनकारक केलं. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी ही सोय फार चांगली आहे. पण घरी मुलगा किंवा नातू बापाच्या फोनवर तो पॅक मारतो, आणि बाप म्हणतो, ‘रिचार्ज तर कालच केला, नेट कसं नही?’ त्या पॅकमध्ये डेटा नसतोच. फोन ठीक, सिम ठीक, टॉवर ठीक. कंपनीची यंत्रणा या नंबरला आत सोडत नाही, आणि फोन ‘सबस्क्राइब’ असा संदेश दाखवतो.

पॅक आणला त्या दुकानदाराला विचारा, किंवा १९८ वर फोन करून ‘माझ्या नंबरवर डेटा चालू आहे का’ एवढंच विचारा.

सिम कोणाचं, फोन कोणता

जिओचं सिम टू-जी फोनमध्ये चालत नाही. नेटही नाही, कॉलही नाही. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली तीच फोर-जीवर, टू-जी तिने कधी उभारलंच नाही. जुन्या फोनला टू-जी चालू असलेल्या कंपनीचं सिम लागतं.

दुसरी बाजू फोनची. नोकिया ११०० घेऊन लोक येतात आणि नेट चालू करून द्या म्हणतात. तो फोन २००३ चा, दणकट, पण त्यात ब्राउझरच नाही. जुन्या ३३१० मध्येही नाही. जे नाही ते कोणालाही चालू करता येत नाही, आणि करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

दोन सिमच्या स्वस्त फोनांत पुष्कळदा डेटा फक्त पहिल्या खाचेतून चालतो. सिम दुसऱ्या खाचेत असेल तर अदलाबदल करून बघा.

सिम दुसऱ्या फोनमध्ये टाका

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही मोलाची, कारण बिघाड फोनकडे आहे की नंबरकडे, याचे दोन तुकडे ती दोन मिनिटांत करून देते. दुसऱ्या फोनमध्येही नेट चाललं नाही तर तुमच्या फोनला हात लावायचं कारण नाही, दोष सिममध्ये, पॅकमध्ये किंवा टॉवरकडे आहे. चाललं तर मात्र आपल्या फोनची सेटिंग बघायची.

इथे एक चूक बहुतेकांकडून होते. सिम स्मार्टफोनमध्ये टाकतात, नेट पळतं, आणि ‘सिम चांगलं आहे, तुमचा फोन खराब’ असा निकाल देतात. स्मार्टफोन फोर-जीवर चाललेला असतो. आपल्याला टू-जीचा रस्ता तपासायचा आहे. म्हणून स्मार्टफोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त टू-जी’ निवडा आणि मग एखादं पान उघडा. तिथेही अडलं तर त्या भागातल्या टू-जी टॉवरवरच डेटा अडतो आहे. असे फोन मी माघारी पाठवतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

जागा बदला, वेळ बदला

कांड्या भरल्या म्हणजे नेट चालेलच असं नाही. टॉवरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोहोचतो एवढंच कांड्या सांगतात. टॉवरवर गर्दी किती, ते त्या सांगत नाहीत.

जीएसएममध्ये, म्हणजे हे टू-जी फोन ज्यावर चालतात त्या तंत्रात, एका वाहक लहरीचे आठ वेळ-तुकडे केलेले असतात, त्यांना टाइमस्लॉट म्हणतात. आठ जणांनी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्यात तसं. कॉलला एक तुकडा लागतो आणि कॉलचा मान पहिला. जीपीआरएस डेटाला बहुतेक ठिकाणी उरलेले तुकडे मिळतात. म्हणून बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या तिथीला, संध्याकाळी सात ते नऊ नेट रखडतं आणि पहाटे पाचला सुरळीत चालतं. फोन तोच, सेटिंगही तीच.

सिग्नल कमजोर असेल तर आणखी एक गोष्ट घडते. डेटा चुकू नये म्हणून यंत्रणा जास्त राखीव माहिती जोडून पाठवते, त्यामुळे खरा वेग उतरतो. एका तुकड्यावर चांगल्या सिग्नलला २१.४ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) मिळू शकतात, साधारण सिग्नलला १३.४, अगदी कमजोर असेल तर ९.०५. आपले बहुतेक कीपॅड फोन उतरत्या दिशेने जास्तीत जास्त चार तुकडे वापरतात. म्हणजे साधारण सिग्नलला, चारही तुकडे मिळाले तर, ५३.६ केबीपीएस. आजच्या बातम्यांच्या साइटचं दोन एमबीचं पान त्या वेगाने उतरायला पाच मिनिटं लागतील. एकच तुकडा आणि कमजोर सिग्नल असेल तर जवळपास अर्धा तास. फोन त्याआधीच कंटाळून ‘कनेक्शन फेल’ म्हणतो. ‘ई’ म्हणजे एज असेल तर वेग बराच चांगला, एका तुकड्यावर ५९.२ पर्यंत.

सातपुड्याच्या बाजूच्या लोकांसाठी एक वेगळी गोष्ट. टेकडीवरून दूरचा टॉवर सरळ दिसतो, कांड्या येतात, पण काहीच जोडलं जात नाही. जीएसएमचा साधा टॉवर सुमारे ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी बोलू शकत नाही, कारण फोनचं उत्तर ठरलेल्या वेळ-तुकड्यात पोहोचत नाही. तिथे अँटेना बदलून उपयोग होत नाही. थोडं खाली उतरून जवळचा टॉवर धरावा लागतो.

तारीख बघा

बॅटरी काढली की जुन्या फोनांची तारीख पुसली जाते, आणि लोक पुन्हा टाकत नाहीत. ‘सर्टिफिकेट’ असा संदेश आला तर आधी हेच. साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमच्या फोनमध्ये साल २००५ असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. तारीख दुरुस्त करायला अर्धं मिनिट पुरतं.

एपीएन

इथून सेटिंगमध्ये शिरायचं. आधी जे आहे ते कागदावर लिहून ठेवा, मगच बदला.

फोनमध्ये जुन्या सेटिंगचा ढीग असतो. या फोनने आतापर्यंत तीन-चार कंपन्यांची सिम पाहिलेली असतात, आणि प्रत्येकीने एसएमएसवरून आपापली सेटिंग पाठवलेली असते. त्यातली भलतीच एखादी ‘डिफॉल्ट’ झालेली असते. मी सगळ्या जुन्या काढतो आणि ‘पर्सनल सेटिंग’मध्ये एकच नवी बनवतो. वाहक (बेअरर) विचारला तर ‘पॅकेट डेटा’ किंवा ‘जीपीआरएस’ निवडायचा. युजरनेम आणि पासवर्ड रिकामे ठेवायचे. एपीएन नेहमी इंग्रजी लहान अक्षरांत, सलग: एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’. व्होडाफोनच्या जुन्या सिमवर नुसते तीन डब्ल्यू आणि आयडियाच्या सिमवर ‘इंटरनेट’ हा शब्द चालायचा. त्या दोन कंपन्या ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या, म्हणून व्हीआयच्या सिमवर मी आधी पहिला टाकतो, मग दुसरा.

टाइप करताना शब्द सुचवणारी सोय, म्हणजे डिक्शनरी, बंद करा. ती शब्दाच्या शेवटी एक रिकामी जागा सोडते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण यंत्रणेला वेगळंच नाव मिळतं आणि चौकट येत नाही. पहिलं अक्षर मोठं झालं तर मात्र घाबरू नका, त्याने फरक पडत नाही. या एका रिकाम्या जागेपायी मी पारोळ्याहून आलेल्या एका नानांचा फोन दोन दिवस ठेवून घेतला होता. तेव्हापासून कर्सर शेवटपर्यंत नेऊन बघतो.

गेटवे: जुन्या वॅपची उरलेली खूण

चौकट आली आणि तरी पान उघडत नाही, तेव्हा नव्वद टक्के वेळा दोष इथे असतो. थोडं मागे जाऊन सांगतो, कारण हे समजल्याशिवाय कोणता रकाना पुसायचा ते कळत नाही.

१९९७ मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी मिळून वॅप फोरम स्थापन केलं. वॅप म्हणजे छोट्या फोनवर नेट दाखवायची जुनी पद्धत. तेव्हा फोनची स्क्रीन चार-सहा ओळींची, स्मृती नखाएवढी, आणि डेटाचा वेग ९.६ केबीपीएस. तोही साध्या कॉलसारखा नंबर लावून. कॉल चालू असेपर्यंत मिनिटाचे पैसे पडायचे, पान वाचत बसलात तरी. एवढ्याशा नळीतून साधं संकेतस्थळ उतरणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी वेगळी भाषा काढली, डब्ल्यूएमएल. तिच्यात पानं नसायची, खेळायच्या पत्त्यांसारखे पत्ते (कार्ड) असायचे, पत्त्यांचा जोड एकदम उतरायचा आणि फोन एकेक पत्ता दाखवायचा. १९९९ चा नोकिया ७११० हा असा वॅप ब्राउझर असलेला पहिला फोन. तो एका वेळी सुमारे १,४०० बाइटचा जोड धरू शकायचा. हा लेख त्यात ठेवायचा तर बरेच जोड लागतील.

फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये कंपनीचं एक यंत्र उभं असायचं, तेच गेटवे. फोन गेटवेशी वॅपच्या बोलीत बोलायचा, गेटवे साइटशी इंटरनेटच्या बोलीत. साइटचा मजकूर आला की गेटवे तो आकड्यांत आटवून, हलका करून फोनला द्यायचा. म्हणजे गेटवे हा दुभाषा होता. तो गप्प बसला की फोनला पुढे काही कळत नाही.

२००२ मध्ये वॅप २.० आलं. फोनला इंटरनेटची नेहमीची बोली समजू लागली, दुभाष्याची गरज उरली नाही. तरी कंपन्यांनी त्याच जागी प्रॉक्सी, म्हणजे मधलं यंत्र, ठेवली, कारण गाणी, रिंगटोन, क्रिकेटचा स्कोअर विकणारी त्यांची स्वतःची पोर्टलं तिच्यातून चालायची. एकाच कंपनीचे दोन एपीएन असायचे: एक कुंपणातल्या पोर्टलचा, दुसरा मोकळ्या इंटरनेटचा. एअरटेलचं ‘एअरटेलफन डॉट कॉम’ हे पोर्टलवालं. आजही जुन्या फोनांत ही नावं आणि त्यांच्या प्रॉक्सीचे पत्ते बसलेले सापडतात. काळ बदलला, पत्ता तसाच राहिला, फोन रोज बंद दारावर थाप मारतो आणि ‘नो गेटवे रिप्लाय’ म्हणतो.

मग करायचं काय? सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ हा रकाना ‘डिसेबल’ करा. तसा पर्याय नसेल तर पत्ता पुसून टाका. पोर्टच्या जागी ९२०१ दिसलं तर ती पहिल्या पिढीच्या वॅपची खूण, ८०८० दिसलं तर दुसऱ्या पिढीची प्रॉक्सी. ८०८० वाला फोन प्रॉक्सी काढल्यावर बहुतेक वेळा सरळ इंटरनेटवर जातो. फक्त ९२०१ च ओळखणारा फोन दुभाष्याशिवाय चालत नाही. त्याला दुरुस्ती नाही. अशा फोनात वाहक म्हणून ‘डेटा कॉल’ आणि डायल करायचा नंबरही सापडतो, तो त्या मिनिटाच्या पैशांच्या काळातला.

साधं पान उघडतं, बाकीचं नाही

आता फोन इंटरनेटवर पोहोचला आहे की नाही, हे पाहायला मी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ उघडतो. चार ओळींचं पान आहे, कुलूप न लावताही उघडतं. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपी’ लिहायचं, शेवटचा ‘एस’ नको. ते उघडलं तर तुमचा फोन, सिम, टॉवर, एपीएन सगळं ठीक आहे. उरलं ते साइटचं कुलूप.

आज जवळपास सगळ्या साइट ‘एस’वाल्या आहेत. त्यांचं कुलूप टीएलएस नावाच्या पद्धतीचं असतं. जुन्या फोनांना तिच्या जुन्या आवृत्त्याच येतात. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी १.० आणि १.१ या आवृत्त्या काढून टाकल्या, साइटनीही त्या बंद केल्या. तुमच्या किल्लीचा खाचा जुना, कुलूप नवं. फ्लॅश मारून किल्ली बदलत नाही, कारण त्या मॉडेलचं कंपनीने दिलेलं शेवटचं सॉफ्टवेअरच जुनं असतं.

एक वाट उरते. ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर पान आधी आपल्या सर्व्हरवर उघडतो, दाबून लहान करतो आणि मग फोनला देतो. साइटचं कुलूप सर्व्हर उघडतो, फोनला ते उघडावं लागत नाही. २००६ मध्ये तो जगभर आला, तेव्हा आमच्या गावच्या पोरांनी सोळा-सोळा रुपयांच्या पॅकवर त्यातून निकाल, नोकऱ्यांच्या जाहिराती, सगळं बघितलं. फोनमध्ये तो आधीपासून असेल तर उघडून बघा, चालला तर काम झालं.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी मात्र धडपडू नका. नोकियाच्या एस-४० या बटणाच्या फोनांवर ते ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद झालं. कोणी चालू करून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

बँकेचं काम जुन्या ब्राउझरवरून करू नका, पान उघडलं तरी. जुन्या वॅपमध्ये गेटवे फोनकडून आलेलं कुलूप उघडायचा आणि साइटसाठी दुसरं लावायचा. मधल्या क्षणी मजकूर उघडा असायचा. कीपॅड फोनवरून शिल्लक बघायला, पैसे पाठवायला *९९# आहे, मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. दोन्हीला नेट लागत नाही.

सिम बदलायची वेळ

वरचं सगळं झालं आणि सिम दुसऱ्या फोनमध्येही टू-जीवर अडतं, शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं सिम मात्र चालतं, तर सिमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. तरीही नाही तर कंपनीच्या गॅलरीत जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घ्या. आधार कार्ड न्या, आणि नंबर ज्याच्या नावावर आहे त्यालाच न्या.

नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळायला केलेला नियम आहे. त्या वेळात नेटची सेटिंग मागवणारा एसएमएस पाठवाल तर तो जाणार नाही, उत्तरही येणार नाही. लोक घाबरून त्याच दिवशी माझ्याकडे येतात. एक दिवस थांबा, किंवा एपीएन हाताने टाका.

मोटारीचा मोबाइल स्टार्टर

तक्रार नेटची असो वा कॉलची, हे सगळं त्या डब्यालाही लागू आहे. आत टू-जीचं मॉडेम असलं तर जिओचं सिम चालणार नाही. कॉलवर चालणाऱ्या स्टार्टरला बोलण्याचा पॅक पुरतो. अ‍ॅपवर चालणाऱ्याला डेटा लागतो आणि एपीएन एसएमएसने टाकावा लागतो, कसा ते त्याच्या कागदावर असतं. पॅकची मुदत संपली की येणारे कॉलही थांबतात. रात्रपाळीची वीज येते, शेतकरी घरून कॉल लावतो, मोटार सुरू होत नाही, आणि बिचारा अंधारात बॅटरी घेऊन बांधावर जातो. आधी मुदत बघा.

अँटेनाची वायर लोखंडी पेटीच्या आत गुंडाळून ठेवलेली असेल तर ती बाहेर काढून पेटीच्या माथ्यावर चिकटवा. लोखंड सिग्नल अडवतं. निम्मे स्टार्टर एवढ्यानेच सुरू होतात. पण पेटीत तीन फेजची वीज आहे. मेन स्विच पाडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. अँटेना आणि सिम यांच्यापलीकडे काही करायचं असेल तर वायरमनला बोलवा. पावसाळ्यात, ओल्या पायाने, अजिबात नाही.

इथे थांबायचं

फोन पाण्यात पडला असेल, पाठ उघडल्यावर हिरवट बुरशी दिसत असेल, अँटेनाची पातळ पत्री वाकलेली असेल, किंवा नेटसोबत कॉलही तुटत असतील, तर घरी पुढे जाऊ नका. हे भिंग आणि गरम हवेच्या मशिनचं काम आहे.

*#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा. पंधरा आकडे आले पाहिजेत आणि ते बॅटरीखालच्या चिठ्ठीशी जुळले पाहिजेत. सगळी शून्यं आली किंवा काहीच आलं नाही, तर ‘आयएमईआय टाकून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. २००९ च्या नोव्हेंबरअखेर आयएमईआय नसलेले फोन देशभर बंद केले गेले. आता २०२३ च्या दूरसंचार कायद्यात या नंबराशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. असा फोन मीही परत करतो.

दोष नंबरकडे आहे असं ठरलं तर १९८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘सिम दुसऱ्या फोनमध्ये फक्त टू-जीवर लावून पाहिलं, तिथेही डेटा जोडला जात नाही, कॉल होतात, गाव अमुक, वेळ अमुक’ असं सांगा. समोरच्याला मग ‘फोन बंद-चालू करा’ म्हणून सुटका करून घेता येत नाही.

आणि दुकानात आणायचाच असेल तर आधी फोनमधले सगळे नंबर वहीत उतरवून घ्या, आणि संदेश येतो त्याचे शब्द जसेच्या तसे एका चिठ्ठीवर लिहून आणा. मुलाला वाचता येत असेल तर त्याच्याकडून लिहून घ्या.